डार्क फ्रेममधली सावली

सीसीडीवर, म्हणजे दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, ‘नापास’चा शेरा मारायचंच बाकी होतं. रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यात १८९ बसवलेत, त्याच जातीचा हा: साधारण ४ हजार गुणिले ४ हजार पिक्सेल, प्रत्येक १० मायक्रॉनचा, सिलिकॉनची जाडी १०० मायक्रॉन. सगळी चिप २ सेकंदांत वाचून व्हावी म्हणून १६ भाग, दर भागाला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर.

सकाळ सुरळीत गेली. ड्यूअरमधला (चिप थंड ठेवायच्या निर्वात भांड्यातला) दाब १०⁻⁵ टॉरच्या खाली उतरल्यावरच थंड करायला घेतलं. घाई केली की आतली वाफ चिपवरच गोठते. उणे १०० अंश सेल्सियसला तापमान स्थिरावल्यावर बायस फ्रेम (उघडीप न देता घेतलेली, चिपची मूळ पातळी दाखवणारी), मग लोह-५५ हा किरणोत्सारी स्रोत. त्याचा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण सिलिकॉनमध्ये साधारण १६२० इलेक्ट्रॉन मोकळे करतो, त्यावरून गेन, म्हणजे वाचलेल्या एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन, तो थेट काढता येतो. सोळाही भाग ठीक निघाले.

घोळ डार्कमध्ये, म्हणजे अंधारात घेतलेल्या फ्रेममध्ये. शटर बंद ठेवून ५०० सेकंदांच्या ५ फ्रेम घेतल्या, मध्यक काढून वैश्विक किरणांचे ओरखडे घालवले. एका कोपऱ्यात पिक्सेलमागे १५० च्या आसपास इलेक्ट्रॉन, समोरच्या कोपऱ्यात जेमतेम ५.

पहिला संशय अ‍ॅम्प्लिफायरच्या झळाळीचा. पण ती चिपच्या कडेला, त्या-त्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी दिसते. हा उजेड चार भागांवर सलग पसरलेला. मग तापमान उणे ११० वर नेलं. एवढ्यानं डार्क करंट, म्हणजे चिपच्या उष्णतेनंच सुटणारे इलेक्ट्रॉन, दहाएक पटीनं पडायला हवा. आकडा हलला नाही. म्हणजे हा डार्क करंट नव्हेच.

खिडकीवर धातूची झाकणी बसवली, वर काळं कापड, खोलीतले दिवे आणि मॉनिटर बंद. तरी तेच. शेवटी फ्रेमचा कॉन्ट्रास्ट ताणून पाहिला, तर उजळ कोपऱ्यात एक काळपट पट्टा, कडा धारदार. चिपच्या उष्णतेनं आलेल्या इलेक्ट्रॉनांत अशी सावली उमटत नाही. पट्ट्याची रुंदी ३०० पिक्सेल, म्हणजे ३ मिलिमीटर. चिपच्या लगत वरून तापमापकाची चपटी केबल जात होती, बरोबर तेवढीच रुंद. पट्टा आणि केबल यांची रेघ मागे वाढवली की ती दाबमापकाच्या तोंडाशी पोचते.

हे गेज तापलेल्या फिलामेंटचं. निर्वात टिकलाय का ते पाहायला चोवीस तास चालू, आणि त्याची तार तांबूस तापलेली. १०० मायक्रॉन जाडीचं सिलिकॉन जवळच्या अवरक्तातही, १००० नॅनोमीटरपर्यंत, बऱ्यापैकी पाहतं. गेजच्या तोंडातून आलेला तेवढा उजेड त्याला पुष्कळ झाला.

गेज बंद करावं तर इंटरलॉक आडवा: दाबाचा आकडा आला नाही की तो चिपचे व्होल्टेज काढून घेतो. योग्यच आहे, त्याला बगल द्यायची नाही. डार्कपुरता इंटरलॉक पिरानी गेजवर, म्हणजे न उजळणाऱ्या दुसऱ्या दाबमापकावर, वळवला. पिरानीला १०⁻³–१०⁻⁴ टॉरच्या खाली नीट दिसत नाही, पण गळती झाली तर ती पकडायला तेवढं पुरतं. फिलामेंट निवायला ५ मिनिटं थांबलो, आधीच्या उजेडाचा साठा काढून टाकायला चिप दोनदा रिकामी वाचली, आणि पुन्हा ५०० सेकंद.

दोन्ही कोपऱ्यांत ५.

त्याच ड्यूअरमधून आधी गेलेल्या चिपांचे डार्क त्या रात्रीच परत लावले. स्क्रिप्टमध्ये आता डार्कच्या आधी गेज बंद करायची ओळ आहे आणि गेजच्या तोंडावर वाकडी नळी.