चित्रकार असून मासिक कशाला काढलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमचा दिवाळी अंक बाजारात आला की हा प्रश्न येतोच. कधी अप्लाइड आर्टची, म्हणजे जाहिरात-छपाईसाठीची चित्रकला शिकणारी मुलं विचारतात, कधी त्यांचे आईवडील. "मॅडम, तुम्ही मुळात चित्रकार. मग जाहिरातीत कशाला गेलात? आणि तिथं बस्तान बसलेलं असताना मासिक कशाला काढलंत? यातलं तुमचं खरं काम कोणतं?"

माझं काम छापलेलं पान. पहिल्यापासून तेच. त्या पानावर कधी माझं चित्र होतं, कधी कुणाचा साबण होता, आता दुसऱ्यांच्या कथा आहेत.

मराठीत ही वाट माझ्या आधी कितीतरी जणांनी तुडवली आहे. दीनानाथ दलाल गोव्यातून मुंबईत आले. मुखपृष्ठं केली, कॅलेंडरं केली, कथाचित्रं काढली आणि १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. १९७१ साली ते गेले. अंक काढतात म्हणून त्यांना कुणी कमी चित्रकार मानलं नाही.

दलालांची रेषा एवढी ठाम का, याचं एक कारण त्यांच्या हातात होतं आणि दुसरं छापखान्यात. चित्र छापायला धातूचा ठसा लागायचा, त्याला ब्लॉक म्हणत. हाफटोन ब्लॉक करड्या छटा बारीक ठिपक्यांतून दाखवायचा, पण साध्या कागदावर तो छापला की ते ठिपके शाईनं भरून जायचे आणि चित्र काळवंडायचं. नुसत्या रेषांचा लाइन ब्लॉक स्वच्छ उठायचा, पण त्यात करडा रंग नाही. शाई आहे किंवा नाही, एवढंच. सावली हवी तर रेघोट्यांनी नाहीतर ठिपक्यांनी ती हातानंच उभी करायची. मराठी कथाचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या रेषेचं चित्र येतं, त्यात या ब्लॉकचा मोठा वाटा आहे. मी शिकले तेव्हा ब्लॉकशिवाय छापणारं ऑफसेट आलं होतं, तरी आमच्या सरांनी आम्हाला महिनोन्‌महिने फक्त काळ्या शाईत काम करायला लावलं. त्याचं ऋण मी अजून मानते.

कथाचित्राचं अर्धं काम ब्रश हातात घेण्याआधीच होतं. कथा पुरती वाचायची आणि क्षण निवडायचा. वाचक पान उलटतो तेव्हा आधी चित्र बघतो, मग पहिलं वाक्य वाचतो. शेवट उघडा पाडणारं चित्र काढलं तर लेखकाची सगळी मेहनत वाया जाते. बाई घर सोडून जाते अशी कथा असेल तर दारातून निघालेली बाई काढायची नाही. तिनं ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट काढायचं. वसंत सरवटे हे फार वरच्या पातळीवर करत. एसीसी या सिमेंट कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून ते चित्रं काढत. त्यांचं चित्र कथेतला प्रसंग नुसता पुन्हा सांगत नाही, लेखकाच्या शेजारी बसून स्वतःचं काही बोलतं. मला ते जन्मभर पुरलेलं शिक्षण आहे.

जाहिरातीत गेले ती पैशासाठी. कथाचित्रांच्या मानधनात घरभाडं निघत नव्हतं. पण तिथं जे शिकले ते मासिकांत शिकता आलं नसतं. होर्डिंग तेव्हा हातानं रंगवत. छोट्या आर्टवर्कवर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी मोठ्या पत्र्यावर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. असं होर्डिंग चालत्या लोकलमधून कुणीतरी क्षणभर बघणार. तेवढ्यात एकच गोष्ट पोचते. १९६६ च्या सुमाराला युस्टेस फर्नांडिस यांनी घडवलेली अमूलची मुलगी बघा: निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक आणि एक ओळ. कुठं थांबायचं हे कळलेलं काम आहे ते.

मात्र तिथंच एक गोष्ट मला सलत राहिली. मी ज्या एजन्सीत होते तिथं जाहिरात इंग्रजीत सुचायची, लेआउट इंग्रजी अक्षरांवर बसायचा, क्लायंट तो पास करायचा, आणि मग त्याच मापात मराठी कोंबायची. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा असतात, खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींच्या मधे जास्त जागा लागते. ती मिळायची नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळायचे. मी बोलायचे, तेव्हा उत्तर यायचं, "पॉइंट कमी कर." पॉइंट म्हणजे अक्षराचा आकार. म्हणजे मराठी वाचकानं बारीक अक्षर वाचायचं, कारण त्याच्या भाषेचा विचार कुणी आधी केलेला नाही!

आमच्याच धंद्यात र. कृ. जोशींसारखा माणूस होऊन गेला होता. उल्का या जाहिरात संस्थेत आर्ट डायरेक्टर, पुढं पवईच्या आयआयटीत शिक्षक. देवनागरीचं वळण, तिचा भार, तिचा श्वास यांवर त्यांनी आयुष्य घातलं. विंडोजवरचा 'मंगल' फॉन्ट त्यांनीच घडवला. तरीही रोजच्या कामात आमची लिपी उरलेल्या जागेवर राहायची. मला असं पान हवं होतं जे पहिल्या रेघेपासून मराठीत सुचलेलं असेल. म्हणून मासिक काढलं.

जाहिरात शिकल्याशिवाय ते तगलं नसतं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि तिला जाहिरातींचा टेकू फार मोठा आहे. विक्रेत्याचं कमिशन, टपाल आणि कागद वजा जाता अंकाच्या किमतीत हाती फारसं उरत नाही. मलपृष्ठ आणि मुखपृष्ठाच्या आतली पानं विकली गेली की छपाईचा घोर कमी होतो. त्यामुळे जाहिरातदाराला मी पाहुणा समजत नाही. त्याची जाहिरात गचाळ असेल तर आम्ही ती आमच्याकडे नव्यानं मांडून देतो, पैसे न घेता. फक्त एक अट आहे: कथेच्या शेवटच्या पानासमोर जाहिरात लागणार नाही. कथा संपल्यावर वाचकाला थोडं थांबू द्यायचं असतं. या अटीपायी काही जाहिराती गेल्या. गेल्या तर गेल्या.

चित्रकाराला आम्ही कथेचा सारांश पाठवत नाही, आख्खी संहिता पाठवतो. मानधन चित्र हाती आल्यावर लगेच देतो, अंक विकला जाण्याची वाट बघत नाही. अनुक्रमणिकेत त्याचं नाव कथाकाराच्या नावाशेजारी, त्याच आकारात असतं.

तेव्हा आईबाबांनो, मुलगी चित्रकार होणार की जाहिरातीत जाणार, हे आत्ताच ठरवायला लावू नका. आणि मुलांनो, आमच्याकडे काम मागायला याल तेव्हा पोर्टफोलिओ आणाच, पण तुम्ही स्वतः निवडलेली एक मराठी कथा आणि तिच्यासाठी काळ्या शाईत काढलेलं एक चित्रही आणा. मी आधी कथा वाचेन, मग चित्र बघेन.