दहा पायांचा कोळी

कपाटाच्या दारावर मी एक कोळी चिकटवलाय. ओदिलों रदों या फ्रेंच चित्रकाराचा ‘हसरा कोळी’. १८८१ मध्ये त्यानं तो कोळशानं काढला, १८८७ मध्ये दगडावरून छापला. केसाळ, काळाकुट्ट गोळा, त्याला माणसासारखा चेहरा आणि दात दाखवणारं हसू. कान नाहीत, पण असते तर हसू तिथवर पोचलं असतं.

हा का हसतोय, याचा मी महिनाभर कीस काढला. मृत्यू? नशीब? आपल्याच मनातलं काहीतरी? रदोंकडून मदत नाही. शीर्षक मोघम असेल तरच त्याला अर्थ, असं मानणारा माणूस!

मग मी अर्थ सोडून काळ्याकडे बघायला लागले. चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट खडूची रेघ, वरून पाण्याचा हात. ओला दगड शाई झटकतो, तेलकट रेघ धरून ठेवते. आपल्याकडच्या शिळाप्रेसच्या पोथ्याही अशाच निघायच्या, फक्त तिथे अर्थ सांगायला ओव्या असत. रदों पुष्कळदा आधी कागदावर काढून चित्र दगडावर उतरवी (ही युक्ती फांतँ-लातूर या चित्रकारानं शिकवलेली) आणि मग दगडावर काळं खरवडून उजेड काढी. त्याचा पहिला संच ‘स्वप्नात’ १८७९ चा. दहा चित्रं, प्रती फक्त २५. इतक्या कमी लोकांसाठी इतका अंधार!

हे सगळं हवेतून आलेलं नाही, हे मला फार आवडतं. फ्रान्सातल्या बोर्दो शहरात आर्माँ क्लावो नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा मित्र होता. वनस्पती म्हणावी की प्राणी, अशा सीमेवरच्या सूक्ष्म जीवांचं त्याला वेड. रदोंच्या देठांवर फुलांऐवजी चेहरे उमलतात, ते पाहताना मला हा मित्र आठवतो.

परवा जळमटं काढायला आलेल्या मावशी झाडू खांद्याला टेकवून चित्रापुढे थांबल्या. ओठ हलवत काहीतरी मोजलं.

“ताई, ह्याला दहा पाय हायेत.”

मी मोजले. दहाच. महिनाभर गूढ उकलत बसले होते आणि पाय मोजले नव्हते.

“आणि हसतोय का हो हा?”

“पोट भरलंय त्याचं,” असं म्हणून त्यांनी कपाटामागचं खरं जाळं एका फटक्यात काढलं.