सेक्शन चालवायला शिकतोय: जून ते सप्टेंबरची नोंद

जूनच्या पहिल्या रविवारी ‘आर्मा ३’ या संगणकावरच्या युद्धखेळात मी पहिल्यांदा सेक्शनच्या, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीच्या, लीडरची जागा घेतली. त्याआधी तीन वर्षं मशीनगनवाला होतो. कोणी सांगेल तिथं पडायचं, दाखवेल तिकडं मारायचं. तेव्हा मला वाटायचं की खरेपणा म्हणजे गोळीचा उतार, बंदुकीचं डोलणं आणि धावल्यावर चढणारा दम. ते सगळं हवंच. २०१५ मध्ये बायपॉड (बंदुकीचे दोन पाय) टेकवायची आणि भिंतीवर बंदूक टेकायची सोय आली, तेव्हा मी दोन रात्री नुसता तेच करत बसलो होतो. लीडर झाल्यावर मात्र कळालं की सगळ्यात खरी गोष्ट दुसरीच आहे. आपली माणसं आत्ता कुठं आहेत हे आपल्याला माहीत नसतं, आणि तरीही पुढचा हुकूम द्यावा लागतो.

आमची टोळी अशी: मी बेळगावच्या वडगावात, एक दोस्त खानापुरात, एक गोकाकचा आणि एक पुण्याचा. बाकीचे सहा एआय, म्हणजे संगणकच चालवतो ती माणसं. एकूण दहा, कारण आपल्या पायदळाचं सेक्शन दहा जणांचं असतं. हा आकडा माझ्या मामांचा. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझ्या पडद्यावर आठ जण बघून त्यांचा पहिला प्रश्न, “उरलेली दोघं कुठं गेली रे?” त्याच रात्री एडिटर (खेळात मोहीम रचायची सोय) उघडून दोन माणसं वाढवली.

सेटिंगमधून निशाणाची फुली काढली, साथीदारांच्या डोक्यावरची खूण काढली, पाठीमागनं बघायचा कॅमेरा बंद केला, नकाशावर माणसं दिसणंही बंद. हे चारही एकदम करा. एक जरी चालू ठेवलं तर डोळे तिकडंच जातात.

जून सगळा एआयमध्ये गेला. एफ२ ते एफ१० दाबून माणूस निवडायचा, मग आकड्यांनी हुकूम: १ म्हणजे हालचाल, ३ म्हणजे गोळीबार सुरू वा बंद, ७ म्हणजे पवित्रा, ८ म्हणजे रचना, ९ म्हणजे रंगाच्या टोळ्या. पाठ व्हायला आठवडा पुरतो. त्रास पुढं आहे. शत्रू दिसला की एआय आपोआप लढाईच्या पवित्र्यात जातात, आडोसा धरतात, टप्प्याटप्प्यानं सरकतात आणि ‘परत रचनेत या’ म्हटलं तरी तिथंच रेंगाळतात. पहिले तीन रविवार मी १-१, १-१ (तोच ‘परत रचनेत या’) दाबत राहिलो. माणसं अल्टिस या खेळातल्या बेटाच्या माळावर तीनशे मीटरभर विखुरली होती आणि मी त्यांना ओढत होतो. चूक त्यांची नव्हती. गोळीबारात सापडलेला माणूस पळत माझ्याकडं का यावा?

आता चकमक सुरू व्हायच्या आधीच त्यांना जागा देतो. तिघं लाल, तिघं निळे. लाल टोळी भिंतीमागं, मशीनगन त्यांच्यात, गोळीबार बंद ठेवून. निळे माझ्यासोबत. गोळी सुटल्यावर एका वेळी एकाच टोळीला हलवायचं, तेही तीस-चाळीस मीटर, दिसतंय तिथवरच. लांबचा हुकूम दिला की ते आपला रस्ता आपणच शोधतात आणि तो रस्ता बहुतेक वेळा उघड्यावरनं जातो.

आता जुलैतला दुसरा रविवार. हे सविस्तर लिहितोय, कारण चूक माझ्या तोंडातली होती.

अल्टिसवरच्या नेओखोरी गावाच्या बाहेर डांबरी रस्ता, पलीकडं दगडी कुंपण, त्यामागं शत्रूची मशीनगन. पुण्याचा दोस्त डावीकडं ओढ्यात. मी माइकवर म्हणालो, “डावीकडनं पुढं जा खरं रस्ता ओलांडू नको.” एका दमात. आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगावात जन्मलेल्याला त्यात काहीच वेगळं वाटत नाही. त्याच्या कानाला मात्र ते ‘जा खरं’, म्हणजे ‘जाच’ असं लागलं. तो त्याच क्षणी उठला, त्याच्या पायांच्या आवाजात माझं पुढचं वाक्य बुडालं, आणि तो रस्त्याच्या मधोमध पडला. खानापूरचा मेडिक त्याला ओढायला गेला, तोही पडला. चाळीस सेकंदांत दोन माणसं गेली.

खेळ थांबवून आम्ही अर्धा तास नुसतं बोललो. त्यातनं ठरलेलं अजून पाळतो. हुकुमात ‘खरं’ नाही, ‘पण’ही नाही. मनाई आधी, हालचाल नंतर: “रस्ता ओलांडू नको. डावीकडनं पुढं.” आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. मगच हलायचं.

‘थांब’ हा शब्दही काढला. गोळीबारात ‘थांब’ आणि ‘लांब’ एकसारखे ऐकू येतात, आणि “लांब आहे” म्हणताना कोणी थबकलं तर अख्खी रांग अडते. गोकाकच्या दोस्तानं कन्नडमधला ‘निल्लु’ सुचवला. दोन अक्षरं, मधला जोड ‘ल्लु’ कशातही मिसळत नाही. पुण्याच्या दोस्ताला तो एका रात्रीत पाठ झाला. आता आमच्यात थांबायचं म्हणजे निल्लु.

आकड्यांचंही तसंच. दिशा सांगताना ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत दहा अंशांचा फरक, चारशे मीटरवर तो सत्तर मीटर होतो. म्हणून एकेक आकडा सुटा: शून्य-पाच-नऊ. मराठीतच, पण सुटा. अंतर मात्र शेकड्यात, ‘तीनशे’, ‘चारशे’. दोन्ही सुटे सांगितले तर दिशा कुठली नि अंतर कुठलं ते कळत नाही.

माइकबद्दल एक. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, रात्री दहापर्यंत चालतात. खिडकी उघडी असली की माझ्या माइकातनं ती खटखट सगळ्यांच्या कानात. जूनमध्ये एकदा गोकाकच्या दोस्तानं त्यावरनं “मशीनगन, जवळ!” असा इशारा दिला होता. तेव्हापासून बटण दाबूनच बोलतो, आणि सुरुवात साडेदहाला.

ऑगस्टमध्ये कान तयार करायला घेतले. आवाजाहून वेगवान गोळी शेजारनं जाताना आधी ‘टच्’ वाजतं, बंदुकीचा ‘धप्’ मागनं येतो, आणि आर्मात हे दोन्ही वेगळे ऐकू येतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीनशे मीटरवरच्या रायफलीचा फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास, सहाशेवर पाऊण सेकंदाहून थोडा जास्त. ‘टच्’वर गोळी कुठनं आली ते कळत नाही, नवा खेळाडू तिकडंच बघतो. मान ‘धप्’कडं वळवायची. एडिटरमध्ये एक बंदूकवाला २००, ३००, ४०० मीटरवर ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं. पंधरा दिवसांनी दहापैकी सहा-सात वेळा अंदाज शंभर मीटरच्या आत येतो. चारशेच्या पुढं अजून गडबडतो.

डोळ्याच्या सरावासाठी राजहंसगडावर गेलो. तटावरनं खालच्या शेतांतली झाडं मोजली, अंदाज वहीत लिहिला, मग फोनच्या नकाशावर ताडून बघितला. दरीपलीकडचं सगळं मला जवळ वाटतं. खेळातही तीच चूक करत होतो, हे तिथं कळालं.

मामा गेल्या महिन्यात पुन्हा आले, पाऊण तास मागं बसले. आम्ही चौघं एकदम कुंपणाकडं पळालो तसे म्हणाले, “सगळीच पळायलासा व्हय? तुमच्यावर राखण कोण करणार?” आग आणि चाल (एकानं गोळीबारानं राखायचं, दुसऱ्यानं सरकायचं) आम्हाला पुस्तकी माहीत होती, एआयला तसंच हलवत होतो, स्वतः मात्र विसरत होतो. आता हलणारा “चाललो” म्हणतो, राखणारा “राखतोय” म्हणतो, आणि दुसरा शब्द आल्याशिवाय कोणी उठत नाही.

काल रात्रीची मोहीम: दहातले सात जिवंत, आम्हा चौघांतला एकही पडला नाही, गेले ते तिन्ही एआय. माझ्या रायफलीतनं अकरा गोळ्या सुटल्या. जूनमध्ये दर मोहिमेला चार-पाच मॅगझिन संपायची आणि तेवढा वेळ सेक्शन बेवारस असायचं.

पुढच्या रविवारी तीच जागा, पण रात्री, नाइट व्हिजन न देता, नुसत्या फ्लेअरवर. लीडर गोकाकचा दोस्त. मी परत मशीनगनवर, लाल टोळीत.