दुपारीच बंद पडणारी गाडी

मार्चच्या शेवटी आमची सकाळची शाळा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात गाडीने रुसवा धरला. सोलापूर ते मोहोळ साधारण ३५ किलोमीटर, मी रोज जाऊन-येऊन करते. गाडी २०१४ची, डिझेल. सकाळी साडेसहाला निघाले की शहाण्या मुलीसारखी जायची. साडेबाराला परत निघाले की सावळेश्वरचा टोलनाका ओलांडायचा आणि चिंचोली ते पाकणीच्या दरम्यान कुठेतरी इंजिन गप्प. आचके नाहीत, धूर नाही. स्टेअरिंग एकदम जड, मागून ट्रकचा हॉर्न. चावी फिरवली की स्टार्टर गरगरायचा, पण गाडी धरायची नाही. बॉनेट उघडून झाडाखाली (हायवेला झाड कुठलं, टपरीच्या पत्र्याखाली) अर्धा तास बसलं की पहिल्या चावीला चालू.

पहिल्या मिस्त्रीने क्रँक सेन्सर बदलला. त्याला मी दोष देत नाही. इंजिन फिरतंय की नाही ते हा सेन्सर सांगतो आणि गरम झाला की दगा देणं हे त्याचं नेहमीचंच दुखणं. १,८०० रुपये गेले. दोन दिवस गाडी छान चालली. त्या दोन्ही दिवशी आभाळ आलं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी टपरीखाली बसल्यावर उमजलं. मग डिझेल फिल्टर झाला. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. एबीएसच्या, म्हणजे ब्रेकच्या कॉम्प्युटरच्या बॉक्समध्ये यू०१०० हा बिघाडाचा कोड साठलेला निघाला. म्हणजे बाकीचे बॉक्स इंजिनच्या कॉम्प्युटरला हाका मारतायत आणि तो ओ देत नाही. तिथल्या मुलाने लगेच अंदाजपत्रक छापलं : ईसीएम (म्हणजे हाच इंजिनचा कॉम्प्युटर) नवा, ४२,००० रुपये, निम्मे आगाऊ, तीन आठवडे लागतील, इलेक्ट्रिकचा पार्ट परत घेतला जात नाही.

"बदलूनही नाही चालली तर?"

"मग वायरिंग बघू, मॅडम."

मी छापील कागद घेतला आणि उठले.

अशोक चौकाच्या पुढे एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मीटर चुकीचं दाखवायला लागला की त्याच्याशी कन्नड. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी आजवर कुणी न विचारलेलं विचारलं. बंद पडलेली असताना चावी ऑन केली की इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? मला सांगता येईना. "उद्या पडली की फोटो काढून आणा. उगं स्टार्टर मारत बसू नका."

दुसऱ्या दिवशी पाकणीजवळ फोटो काढला. बॅटरीचा, ऑइलचा, हँडब्रेकचा, सगळे दिवे होते. पिवळा नव्हता.

"बॉक्स जागाच होत नाय," मामा म्हणाले. "पण मेलाय का उपाशी हाय, ते बगावं लागंल."

पुढचं सगळं या एका वाक्यावर अवलंबून होतं. कॉम्प्युटरला बॅटरीची लाईन नीट मिळत नसेल, मेन रिले (ती लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) सोडत असेल, अर्थिंग ढिलं असेल, तरी तो गप्पच बसतो आणि कोडही तोच येतो. असले चांगले बॉक्स बदलून लोकांनी हजारो रुपये घालवलेले मामांनी पाहिले होते. पण तपासायचं तर गाडी दुकानासमोर बंद पडायला हवी, आणि ती पडणार पाकणीला. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "घरी केस वाळवायचं मशीन हाय का?"

होतं. लग्नात आलेलं, दोनदा वापरलेलं. सोलापूरच्या उन्हात हेअर ड्रायर कोणाला लागतो?

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू ठेवून मामांनी बॅटरीशेजारच्या ॲल्युमिनियमच्या डबीवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, ड्रायर धरला. तळहाताएवढी पंख्यापंख्यांची डबी, दोन मोठे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग. सहाव्या मिनिटाला इंजिन गेलं. मामांनी पहिल्यांदा मीटर नाही, वायर जोडलेला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब काढला. मीटर १२ व्होल्ट दाखवतो हो, पण वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी दाखवतो. बल्ब पेटवायला दम लागतो. बॉक्सकडे येणाऱ्या लाईनवर बल्ब लख्ख. अर्थिंगवरही लख्ख. म्हणजे उपाशी नव्हता.

मग मीटर. हा कॉम्प्युटर सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो. त्या वायरीवर निघाले ०.३. इथेही मामा थांबले नाहीत. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळी लाईन खाली ओढतो आणि आळ बॉक्सवर येतो. म्हणून त्या लाईनवरच्या एकेका सेन्सरचा कपलर काढून पाहिला. सगळे काढले तरी ०.३च. शेजारच्या रसवंतीतून पिशवीभर बर्फ आणला आणि डबीवर ठेवला. रसवाला चरक बंद करून बघायला आला. दहाएक मिनिटांत मीटरवर ५ उमटले. कपलर परत लावले, चावी फिरवली, गाडी चालू.

"आता म्हणा बॉक्स गेला म्हणून," मामा म्हणाले.

आतला एखादा झाळ, म्हणजे डाग देऊन जोडलेला सांधा, चिरला असणार. गरम झाला की फाकतो, थंड झाला की टेकतो.

मला वाटलं, आता त्याच मॉडेलचा जुना बॉक्स आणायचा आणि बसवायचा. तसं होत नाही. चावीतल्या चिपची ओळख त्या बॉक्समध्ये असते. परका बॉक्स लावला तर इमोबिलायझर गाडी चालूच होऊ देत नाही. शिवाय डिझेलच्या प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो, कोणाला किती डिझेल सोडायचं याचा बारीक हिशेब. तोही कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो. त्यामुळे एक तर कंपनीचा नवा घेऊन हे सगळं नव्याने भरायचं, नाही तर जुन्यातलं सगळं वाचून दुसऱ्यात उतरवायचं. याला क्लोनिंग म्हणतात. आमचा बॉक्स थंड असताना जिवंत होता, हे नशीब. पुरता मेलेला असता तर वाचायला कटकट झाली असती. तरीही मामांनी चारही इंजेक्टरची डोकी पुसून त्यांवरचे कोड माझ्याकडून वहीत लिहून घेतले, आणि मी शिक्षिका असूनही दोनदा तपासायला लावले.

जुन्या पार्टवाल्याने पहिला बॉक्स दिला त्याच्या स्टिकरवरचे शेवटचे दोन आकडे वेगळे होते. "चालतंय की, मॅडम." मामांनी हातही लावला नाही. दुसऱ्याचा नंबर अक्षरन्‌अक्षर जुळला. अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचा होता, ९,००० रुपये. त्या गाडीचा चासी नंबर घातलेलं बिल मामांनी हट्टाने घ्यायला लावलं. चोरीचा माल निघाला तर झंझट नको. दोन्ही बॉक्स सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पुण्याला गेले. क्लोनिंगचे ४,५०० आणि चार दिवस. ते चार दिवस मी एसटीने गेले आणि खरं सांगायचं तर झोप मस्त झाली.

बसवायला अर्धा तासही लागला नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, चहा होईपर्यंत थांबलो, मग कपलरची खटकी. बॉक्स काढला तेव्हाच मामांना दिसलं होतं की बोल्टखालची रबरी बुशिंग गायब आहेत. डबी थेट पत्र्याला आवळलेली. मागे बॅटरी ट्रे बदलला तेव्हा कोणीतरी खाऊन टाकली असावीत. चार वर्षं प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट त्या डबीला. "झाळ चिरंल नाय तर काय?" नव्या बुशिंगशिवाय बॉक्स बसवायला त्यांनी साफ नकार दिला. ती ४० रुपयांची बुशिंग शोधण्यात एक सकाळ गेली.

चावी ऑन केली. पिवळा दिवा लागला. चावीच्या चित्राचा दिवा लागून विझला, म्हणजे ओळख पटली. स्टार्ट. स्कॅनरवर इंजेक्टरचे कोड वहीशी ताडून पाहिले, जुने फॉल्ट पुसले. त्याच दुपारी एक वाजता एसी लावून मोहोळला जाऊन आले. पाकणी आली तेव्हा दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं होतं. पाकणी गेली, कोंडी गेली, बाळे आलं.

मामांची मजुरी धरून सगळे मिळून १६,५०० झाले, आधीचा सेन्सर आणि फिल्टर सोडून. जुना बॉक्स मी ठेवून घेतला आहे. हेअर ड्रायर मात्र मामांच्या दुकानात राहिला. परवा आणायला गेले तर एका टेम्पोच्या बॉनेटखाली चालू होता.