दोन विजोड स्पीकर, एक फळी

नौपाडा, ठाणे. आषाढातला रविवार.

जुन्या फुल रेंज (खालचे-वरचे सगळे स्वर एकट्यानं वाजवणाऱ्या) स्पीकरची जोडी जमवायचा नाद आज अधिकृतपणे सोडला. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन नग मिळाले तरी साठ वर्षं त्यांनी वेगवेगळ्या घरांत काढलेली असतात. एकाचा कागदी कोन (समोर हलणारा शंकू) कोकणातल्या दमट हवेत मऊ पडलेला, दुसऱ्याचा कपाटावर धूळ खात कडक झालेला. असे दोघे डावी-उजवीकडे लावले की गाणारा माणूस मधोमध बसतच नाही, स्वर बदलला की इकडून तिकडे सरकतो. लोक त्यापायी वर्षानुवर्षं तिसरा, चौथा नग शोधत फिरतात. मला आता वाटतं, विजोड असतील तर विजोडच वापरावेत. दोघांना एकाच फळीवर बसवायचं आणि सरळ एक मोनो स्पीकर करायचा, डावं-उजवं असा भेदच नाही. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्याच १९५७-५८ च्या सुमारास. मी जे ऐकतो त्यातलं बरंचसं त्याआधीचं, नाहीतर रेडिओवरचं. डावा-उजवा वेगळा स्पीकर हवाय कशाला?

माझ्याकडचे दोन्ही आठ इंची. एक फिलिप्सचा, मधे छोटा दुसरा कोन असलेला, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर मिळाला. तिथे घेताना एकच परीक्षा: दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी टेकवून हलकेच आत दाबायचं. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) घासतेय, पुढे चला. आणि मागे ८०० ओहम लिहिलेलं असेल तर मोहात पडायचं नाही. फिलिप्सच्या काही व्हॉल्व्ह रेडिओंत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसायचा, त्यांच्यासाठी हे खास स्पीकर असत. आपल्या नेहमीच्या अँप्लिफायरवर ते जेमतेम कुजबुजतात. दुसरा नग एका मोडीत निघालेल्या रेडिओतला, साधा, एकाच कोनाचा. त्याला कडेला चीर होती. टिश्यू पेपर आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल लावून बुजवली.

दोघांचेही मॅग्नेट अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचे. अल्निकोच्या गोडव्याबद्दल लोक भक्तिभावानं बोलतात. १९७८ मध्ये झैरेच्या (आजच्या काँगोच्या) शाबा प्रांतातल्या लढाईनंतर कोबाल्टचा भाव भडकला आणि अल्निको मागे पडून फेराइट आलं, एवढा इतिहास खरा. पण गोडवा मला तरी मॅग्नेटपेक्षा त्या पातळ, हलक्या कागदात जास्त दिसतो.

आधी दोन्ही समांतर जोडून, पूर्ण आवाजावर ऐकले. आवाज दणदणीत. मग तानपुरा लावला आणि खरी गोष्ट कळली. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, ही स्पीकरची सगळ्यात कडक परीक्षा, कारण तिचं सारं सौंदर्य वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत) असतं. मान इकडे केली की जवारी खुलते, तिकडे केली की मिटते. कारण सोपं आहे. दहा हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. दोन स्पीकरपासून कानापर्यंतच्या अंतरात पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडला की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि तो स्वरांश गायब होतो. माझ्या फळीवर दोघांच्या मध्यबिंदूंत तेवीस सेंटिमीटर अंतर आहे. अर्धी लहर एवढी भरते साडेसातशे हर्ट्झला, म्हणजे त्याच्या वर दोघांनी तेच गायचं नाही. जुगलबंदी खर्जात ठीक, तारसप्तकात एकानं गप्प बसावं.

म्हणून फिलिप्सला सगळं द्यायचं आणि रेडिओवाल्याला फक्त खालचं. रूढ उपाय म्हणजे त्याच्या वाटेत वरचे स्वर अडवणारी तांब्याची जाड कॉइल. ८ ओहमच्या स्पीकरला ३०० हर्ट्झवर कापायला चार मिलिहेन्रीहून थोडी जास्त लागते, वजनदार आणि महागही. मी दुसरी वाट धरली. घरचा अँप्लिफायर स्टिरिओ आहे, त्याचे दोन चॅनेल रिकामेच होते. मोबाइलच्या डाव्या-उजव्या तारा प्रत्येकी हजार ओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र आणून मोनो केलं (सरळ पिळून जोडायच्या नाहीत, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात). तिथून एक फाटा थेट डाव्या चॅनेलला. दुसरा फाटा दहा हजार ओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडच्या तारेकडे जाणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांतून उजव्या चॅनेलला. हे दोघं वरचे स्वर अडवतात; कुठून कापायचं त्याचा हिशेब ३४० हर्ट्झच्या जवळपास येतो. लॅमिंग्टन रोडवर हे दोन्ही भाग चहाच्या पैशांत मिळतात. डावा चॅनेल फिलिप्सला, उजवा रेडिओवाल्याला. आणि आता अँप्लिफायरचा बॅलन्स नॉब, जो मी कधी हलवलाही नव्हता, तो बेसचा नॉब झाला! एकाचा आवाज मुळात मोठा, दुसऱ्याचा लहान, हा दोघांमधला झगडाही त्यातच मिटला. आज एवढ्यावर मी जाम खूश आहे.

फळी १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, दोन फूट रुंद, मागे खोका नाही. उघड्या फळीत स्पीकरचा मागचा आवाज कडेनं वळून पुढे येतो आणि पुढच्याला मारतो; दोन फुटांच्या फळीला ही गळती साधारण २८० हर्ट्झच्या खाली जाणवू लागते. नेमकं तिथेच रेडिओवाला मदतीला येतो. त्याला खाली, जमिनीलगत बसवलंय, म्हणजे लादीचाही आधार. फिलिप्स वर, सतरंजीवर मांडी घालून बसलं की कान जिथे येतो तिथे. दिशा बरोबर आहेत ना हे दीड व्होल्टच्या सेलनं पाहिलं: तारा टेकवल्या की दोन्ही कोन बाहेर यायला हवेत.

संध्याकाळी शेजारचे काका आले. ते मर्फी रेडिओ कंपनीत होते, इथल्या ठाण्याच्या कारखान्यात. फळीच्या मागे जाऊन वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, रेडिओची पाठ आम्ही तरी कुठे बंद केली होती? भोकं पाडलेलं हार्डबोर्ड असायचं. हे स्पीकर तशाच घरात वाढलेत. खोक्यात कोंडलेस तर घुमायला लागतील."

मग कुमारजी (कुमार गंधर्व) लावले. काकांनी न विचारता नॉब उजवीकडे ढकलला, तबल्याचा बायाँ भरून आला. मी थोड्या वेळानं परत डावीकडे आणला. त्यांनी पुन्हा उजवीकडे. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं ऐकताय की खेळताय?"

राहिलं पॉलिश आणि पुढचं कापड. हिनं जुन्या खणाचा तुकडा काढून दिलाय, गर्द जांभळा, देखणा. तोंडासमोर धरून फुंकून पाहिला, हवा फारशी पार होत नाही. जवारी त्यात अडकणार. तेव्हा खण फक्त खालच्या स्पीकरला. तिथून वरचे स्वर तसेही निघत नाहीत. वरचा फिलिप्स उघडाच राहील. तो नागडा दिसतो, असं हिचं म्हणणं आहे, त्यावर बोलणी चालू आहेत.