पहिली लाथ

भुसावळला रेल्वेच्या मैदानाजवळ चहाची एक टपरी आहे. ऊन उतरलं की तिथल्या बाकावर दोन म्हातारे येऊन बसतात. (आमच्याकडे मे महिन्यात ऊन उतरलं म्हणजे पारा पंचेचाळीसवरून चाळिशीवर आला, एवढंच.) एक गार्ड, दुसरे लोको शेडातले फिटर. दोघांनाही रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गार्डला रेल्वे २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणते. गार्डकाकांना ते अजिबात मान्य नाही. "मॅनेजर बँकेत असतो भो," ते म्हणतात, "मी शेवटच्या डब्यात असायचो."

दोघं चहा बशीत ओततात आणि बशी तोंडाला लागायच्या आत विषय निघतो. १९७७ चा पावसाळा, रेल्वेच्या दोन खात्यांची फुटबॉल मॅच, लोको विरुद्ध ट्रॅफिक.

गोल किती झाले, कोण जिंकलं, यावर दोघंही गुळमुळीत बोलतात. मारामारी मात्र पाठ आहे. फिटरभाऊंचं म्हणणं, गार्डकाकांनी मागून येऊन लाथ घातली, चेंडू तेव्हा दहा हात लांब होता. गार्डकाकांचं म्हणणं, चेंडू पायातच होता, आणि मुळात त्याच्या आधी, कॉर्नरच्या वेळी, फिटरभाऊंनी त्यांच्या बरगडीत कोपर मारलं होतं. ते रेफरीने पाहिलं नाही. रेफरी म्हणजे शाळेतले एक मास्तर. चष्म्यावर पाऊस पडला की त्यांना स्वतःची शिट्टीही दिसत नसे, असं दोघांचंही मत आहे. एकमत होणारा तेवढाच एक मुद्दा.

मग फिटरभाऊ पँट गुडघ्यापर्यंत वर करतात. नडगीवर मधोमध एक पांढुरका खड्डा आहे, शेंगदाण्याएवढा. त्या काळी बुटाच्या तळाला चामड्याचे गुटके खिळ्यांनी ठोकलेले असत. गुटका झिजला की खिळा वर यायचा, आणि नवा गुटका ठोकून घ्यायला मोच्याकडे जायचा कंटाळा सगळ्यांनाच. तसा एक खिळा इथे उतरला, असा फिटरभाऊंचा दावा. गार्डकाका चष्मा कपाळावर सरकवून, वाकून, तो व्रण जणू पहिल्यांदाच पाहतोय असा निरखतात आणि म्हणतात, "हे सायकलच्या चेनचं आहे."

अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षं हे चाललंय.

दोघांचं फुटबॉलचं ज्ञान अफाट आहे, पण त्याची मांडणी वेगळी. तुम्ही १९६२ चा वर्ल्ड कप म्हणा. ब्राझील जिंकलं हे त्यांना माहीत असतं, पण ते सांगतात सँतियागोची मॅच. २ जून, चिली विरुद्ध इटली. दोनच वर्षांपूर्वी चिलीत भूकंप होऊन देशाची दैना झालेली, आणि तशात इटलीच्या काही पत्रकारांनी सँतियागो शहराची नालस्ती करणारं लिहून ठेवलेलं. लोक आधीच पेटलेले. पहिला फाउल बाराव्या सेकंदाला. इटलीच्या फेरिनीला आठव्या मिनिटाला बाहेर काढला तर तो जाईना. शेवटी पोलिसांनी ओढत नेला. चिलीच्या लिओनेल सांचेझने डाव्या हाताने ठोसा मारून माशिओचं नाक फोडलं. "त्याचा बाप बॉक्सर होता," फिटरभाऊ अशा सुरात सांगतात, की बाप शेडात त्यांच्याच शिफ्टला होता.

त्या मॅचचे रेफरी केन अ‍ॅस्टन. पुढे १९६६ मध्ये इंग्लंड-अर्जेंटिना मॅचला अर्जेंटिनाचा कॅप्टन रातीन, बाहेर काढल्यावर कितीतरी वेळ मैदान सोडेना. रेफरी जर्मन, हा बोलणार स्पॅनिश, कोणाला काही कळेना. त्यानंतर लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलकडे बघून अ‍ॅस्टनला पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपला ती कार्डं आली. हे सगळं ठीक. पण गार्डकाकांचा यावर एक जुना आक्षेप आहे.

"लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावधान, हे आमचंच आहे," ते म्हणतात. "साहेबाने उचललं. उचललं तर नीट तरी उचलायचं! आमच्यात सिग्नलला एक पिवळा दिसला तर पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी. दोन पिवळे दिसले तर धोका अजून लांब आहे. म्हणजे एकापेक्षा दोन पिवळे बरे! यांनी काय केलं? दोन पिवळे झाले की लाल. उलटं करून ठेवलं सगळं."

मला ही तक्रार फार आवडते. जगातल्या कोणत्याही फुटबॉल स्टेडियममध्ये ती कोणी केली नसेल. त्यासाठी माणूस भुसावळचाच हवा.

एका मॅचबद्दल मात्र दोघं आवाज चढवत नाहीत. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल-मोहन बागान. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, ती स्टँडमध्ये पसरली, आणि सोळा माणसं घरी परतली नाहीत. आमच्याकडून हावड्याची लाईन जाते, रेल्वेत तेव्हा बंगाली बाबूही बरेच होते, त्यामुळे ती बातमी इथे पेपराच्या आधी पोचली म्हणतात. तो विषय निघाला की गार्डकाका बशी खाली ठेवतात. फिटरभाऊ पँटही वर करत नाहीत.

आता माझं. १९७७ च्या त्या मॅचला मी होतो. वय आठ. काम एकच, लिंबाच्या फोडी आणि मिठाची पुडी सांभाळणं. मी टचलाईनजवळ बसलो होतो आणि मारामारी माझ्यापासून पन्नास पावलांवर झाली. म्हणजे तसा मी एकमेव निःपक्षपाती साक्षीदार. पण मला लाथ आठवत नाही, कोपर आठवत नाही. आठवतो एक बूट. आमची काळी माती पावसात कशी होते ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. पाय आत जातो तो तुमचा, बाहेर येतो तो मातीचा. तर त्या चिखलात एक बूट सरळ उभा होता, नाड्यांसकट, आणि मालक एका पायात मोजा घालून कोणाच्या तरी मागे धावत होता.

पण हा बूट त्या दोघांच्या गोष्टीत कधीच येत नाही. आणि माझाही त्याच्यावर पूर्ण विश्वास नाही. त्याचं कारण मिलान.

८ जून १९९०. शेजाऱ्यांकडे टीव्ही, रात्री साडेनऊची मॅच, अर्धी कॉलनी सतरंजीवर, मधोमध शेव-मुरमुऱ्यांचं घमेलं. इटलीत, मिलानला वर्ल्ड कपची मॅच, अर्जेंटिना विरुद्ध कॅमेरून. मॅराडोनाची टीम गेल्या वेळची चॅम्पियन, आणि कॅमेरून एक गोलने पुढे, तेही दहा खेळाडूंत. शेवटची मिनिटं. अर्जेंटिनाचा कॅनिजिया सुटला. पहिल्याने पाय घातला, तो उडी मारून पुढे. दुसऱ्याने घातला, तोल गेला तरी पुढे. तिसरा मासिंग असा आडवा आला, की कॅनिजिया एकीकडे, मासिंगचा बूट दुसरीकडे. सगळी सतरंजी एकदम "आईऽऽ गं" म्हणाली. मासिंग बाहेर, कॅमेरूनचे उरले नऊ, तरी जिंकले. त्याच मैदानावर पंधरवड्याने हॉलंडचा राइकार्ड जर्मनीच्या फोलरच्या केसांत थुंकला. ते आम्ही रात्री साडेबाराच्या मॅचला, डोळे ताणून पाहिलं.

तेव्हापासून मला खात्री देता येत नाही, की चिखलातला तो बूट भुसावळचा की मिलानचा.

हल्लीच्या भांडणांना ही अडचण नाही. २००६ च्या वर्ल्ड कपची फायनल घ्या. इथे रात्रीचे पावणेदोन झाले असतील, फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मटेराझीच्या छातीत डोकं घातलं. सकाळी टपरीवर गर्दी, पण बोलायला काही नाही. सगळ्यांनी तेच पाहिलेलं, सात-सात वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी. आता तर पोरं खिशातून मोबाईल काढतात. "छातीत नव्हे, हनुवटीला लागलं," असं म्हणायची सोय राहिली नाही. मटेराझी काय बोलला, एवढीच एक जागा मोकळी होती. तिथे टपरीने काही महिने आपापल्या घरातल्या शिव्या भरून पाहिल्या. पुढे त्यानेच सांगून टाकलं, की बहिणीवरून बोललो. संपलं.

तर मागच्या महिन्यात माझ्याकडून एक आगळीक झाली. चहा झाला होता, व्रण दाखवून झाला होता, सायकलची चेनही होऊन गेली होती. मी सहज विचारलं, "काका, तेव्हा चिखलात कोणाचा बूट राहिला होता का?"

दोघं गप्प. गार्डकाकांनी फिटरभाऊंकडे पाहिलं, फिटरभाऊंनी मैदानाकडे.

"बूट," फिटरभाऊ म्हणाले. "व्हता ना. याचाच. उजव्या पायाचा."

"डाव्या," गार्डकाका म्हणाले. "उजव्या पायाने तर मी तुले..."

आणि थांबले. फिटरभाऊंनी बशी हळूच बाकावर ठेवली. "काय? उजव्या पायाने तू मले काय?"

"उजव्या पायावर मी उभा होतो," गार्डकाका म्हणाले. रेल्वेतला माणूस, ब्रेक वेळेवर लागला.

परवा गेलो तर बाकासमोर फुटबॉल खेळून आलेली चार पोरं उभी होती, गुडघ्यापर्यंत धुळीत माखलेली. फिटरभाऊ सांगत होते, की बूट असा उडाला, असा उडाला, की थेट कुंपणाबाहेर जाऊन पडला.

"कुंपणाबाहेर कुठे," गार्डकाका म्हणाले. "नागपूर पॅसेंजर चालली होती, तिच्या ब्रेकव्हॅनमध्ये पडला. मी मलकापूरला फोन लावून उतरवून घेतला."