झडती: चोर सोडून संन्याशाला फाशी

‘झडती’ ही माझी छोटी शेल स्क्रिप्ट: गिटमध्ये कमिट (बदलांची नोंद) होताना मोठ्या फाइली आणि ‘हे नंतर काढ’ असा शेरा राहिलेल्या ओळी अडवते. एका मित्राने तिच्यासाठी पॅच (सुचवलेले बदल) पाठवलेत. गेल्या वेळी ‘चारच पॅच वाचायचे राहिलेत, रविवारी मर्ज’ (म्हणजे ते मूळ कोडमध्ये घेणं) असं लिहून मोकळी झाले होते. तो रविवार कधीच उलटला. मर्ज झालेलं नाही, आणि दोष पॅच पाठवणाऱ्या मित्राचा नाही, हे आधीच कबूल करते.

पहिले दोन पॅच झटपट संपले. पहिल्यात त्याने सगळे बॅकटिक काढून ‘$( )’ केलं आणि (एखादी कमांड मशीनवर आहे का ते बघणाऱ्या) ‘व्हिच’च्या जागी ‘कमांड -व्ही’ आणलं. बॅकटिक आणि ‘व्हिच’ टाळायचे हा गिटच्या स्वतःच्या शेल स्क्रिप्टांचाही नियम आहे, त्यामुळे वाद नाही. दुसरा पॅच स्पेसचे टॅब करणारा. डिफ (काय बदललं त्याची यादी) दोनशे ओळींचा, पण ‘-डब्ल्यू’ (स्पेस-टॅबचे फरक सोडून द्या) लावून पाहिला तर कोरा पडदा. इंडेंटेशन वेगळ्या कमिटमध्ये ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. तिसऱ्यातला मोजणीचा घोटाळा (पाइपनंतरचा व्हाइल लूप सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, बाहेर येऊन बघावं तर मोजणी शून्य) मागे सविस्तर लिहिलाय, परत उगाळत नाही.

चौथा पॅच एका ओळीचा. माझ्या कोडमध्ये स्टेज केलेल्या (कमिटसाठी निवडलेल्या) फाइलचं नाव ‘प्रिंटएफ "$ओळ"’ असं छापलं जायचं. शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) त्यावर एससी२०५९ ही सूचना देतं: व्हेरिएबल फॉरमॅटच्या जागी घालू नका. नावात टक्क्याचं चिन्ह आलं की प्रिंटएफ त्याला हुकूम समजतो. मित्राने ते ‘प्रिंटएफ '%एस' "$ओळ"’ केलं. शंभर टक्के बरोबर. टेस्ट हिरव्या. मी ‘छान!’ असा शेरा मारला आणि ब्रांच स्वतःच्या कामासाठी वापरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ‘वही’ नावाची स्कॅन केलेली पीडीएफ कमिट केली. आकार ३८ एमबी. झडतीची मर्यादा ५ एमबी. आणि झडतीने ती हूं की चूं न करता आत सोडली! पुश केलं नव्हतं म्हणून ‘रिसेट --सॉफ्ट’वर (कमिट मागे घेण्यावर) निभावलं.

मला वाटलं, तिसऱ्या पॅचमधली मोजणीच पुन्हा घसरली असणार. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. ‘सेट -एक्स’ (चाललेली प्रत्येक कमांड छापणारं) लावून पानंच्या पानं वाचली, पण प्रत्येक वेळी चाचणीला ‘मोठी फाइल’ म्हणून मी रोमन नावाची फाइल तयार करत होते आणि ती प्रत्येक वेळी बिनचूक पकडली जात होती. शेवटी वैतागून खरी पीडीएफच घेतली आणि ‘बायसेक्ट रन’ (कोणत्या कमिटपासून बिघडलं ते अर्धं-अर्धं करत शोधणारं) लावलं. चारच पॅच, त्यामुळे दोन पायऱ्यांत उत्तर: चौथा पॅच. म्हणजे नेमका तो, ज्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही.

मग स्टेज केलेल्या फाइलींची नावं देणारं ‘डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली’ नुसतं चालवून पाहिलं. ‘वही’ कुठेच नव्हतं. होतं ते असं:

"\३४०\२४४\२६५\३४०\२४४\२७१\३४०\२४५\२००

आणि पुढे एक्स्टेन्शन, मग बंद होणारं अवतरणचिन्ह. गिटची ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग मुळात चालूच असते. आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट गिट ऑक्टलमध्ये (आठच्या पायाच्या आकड्यांत) लिहितं. ‘वही’चे यूटीएफ-८ मध्ये ९ बाइट, दर बाइटला ४ चिन्हं, झाली ३६. अवतरणचिन्हं मी पूर्वी कधीतरी ‘टीआर -डी’ने छाटली होती, का छाटतोय याचा विचार न करता. राहिलेले ऑक्टल आकडे? ते माझा तो चुकीचा प्रिंटएफ फॉरमॅट समजून परत अक्षरांत बदलत होता! दोन चुका एकमेकींना सांभाळून संसार करत होत्या. मित्राने एक दुरुस्त केली आणि दुसरी उघड्यावर आली.

उघड्यावर आली तरी ओरडली का नाही? कारण फाइलचा आकार विचारणाऱ्या ‘कॅट-फाइल’चा एरर मीच ‘/डेव्ह/नल’मध्ये, म्हणजे कचऱ्यात ढकलला होता. नाव सापडलं नाही की फाइल डिलीट झाली असं गृहीत धरून पुढे. त्यासाठी ‘--डिफ-फिल्टर=डी’ असतं (डी लहान लिपीतला, म्हणजे डिलीट झालेल्या वगळा), हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुरुस्ती सोपी वाटली: ‘-झेड’ लावा, नावं जशीच्या तशी येतात, मध्ये नल बाइट. पण ती वाचायला ‘रीड -डी’ लागतो, आणि आमचा शेबँग (कोणता शेल वापरायचा ते सांगणारी पहिली ओळ) साध्या ‘एसएच’चा. डेबियनवर तो म्हणजे डॅश, आणि माझ्या डॅशने सरळ ‘इल्लीगल ऑप्शन’ म्हणून हाकललं. २०२४च्या पॉझिक्समध्ये (शेलच्या प्रमाण नियमांत) ‘रीड -डी’ आलाय खरा, पण कागदावर आलेलं यंत्रावर यायला वेळ लागतो. ‘बॅशच वापर की’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की मॅकवर अजून बॅश ३.२ बसलेलं आहे. बॅशवर गेलं तरी जुन्या-नव्याची कटकट सुटत नाही.

म्हणून ‘एक्सआर्ग्ज -०’ (आलेली नावं दुसऱ्या कमांडला देणारं) आणि आत छोटा ‘एसएच -सी’. चाललं. ‘वही’ पकडली गेली तेव्हा एकटीच टाळी वाजवली. एक्झिट कोड (शून्य म्हणजे यश) मात्र नीट बघा: आतली कमांड १ ने संपली तर जीएनयूचं एक्सआर्ग्ज १२३ देतं, म्हणून ‘शून्य की नाही’ एवढंच तपासते.

हे इथवर लिहिलं आणि सुचलं की मला नाव हवंच कशाला? ‘डिफ --कॅश्ड --रॉ --नो-अब्रेव्ह’ प्रत्येक फाइलच्या ब्लॉबचा (गिटने साठवलेल्या मजकुराचा) पूर्ण हॅश, म्हणजे ओळखक्रमांक देतं. ते हॅश एका पाइपने ‘कॅट-फाइल --बॅच-चेक’ला दिले की सगळे आकार एकाच प्रोसेसमध्ये. ‘हे नंतर काढ’वाल्या ओळी शोधायलाही हॅश पुरतो. नाव फक्त शेवटी माणसाला दाखवायला, आणि तिथे ‘-सी कोअर.कोटपाथ=फॉल्स’ने भागतं. सबमोड्यूल (आत जोडलेले दुसरे रेपो) तेवढे वगळायचे, मोड १६०००० वाले. त्यांचा हॅश दुसऱ्या रेपोतल्या कमिटचा असतो, इथे ‘मिसिंग’ येणार. म्हणजे वरचं एक्सआर्ग्ज प्रकरण जन्मून तासभरही झाला नाही तोच निवृत्त.

आधी देवनागरी नावांच्या टेस्ट लिहिते: एक साधं, एक स्पेसवालं, एक टक्क्याचं, एक अवतरणचिन्हाचं. मग रॉवाली आवृत्ती.

अडचण एवढीच, की त्या आवृत्तीत प्रिंटएफची ती ओळच उरत नाही. रेंज-डिफ (पॅचच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची तुलना) पाठवला की मित्राच्या चौथ्या पॅचसमोर नुसतं ‘<’ दिसेल, म्हणजे वगळला. आणि त्याखाली माझा ‘छान!’ असा शेरा आहेच. आधी फोन करते.